समुद्राचा ताप मोजणारा

माझे वडील शिंपी. दुकान कधीच बंद केलं, तरी दुपारी समोरच्या घड्याळवाल्या काकांकडे जाऊन बसतात आणि येईल त्याला सांगतात, "आमचा मुलगा समुद्राचा ताप मोजतो." मी कधी खुलासा केला नाही. फुकटचा मान कुणाला नकोसा होतो?

खरं म्हणजे मोजतं यंत्र. किनाऱ्यापासून दूर, पाण्यावर तरंगणारा एक पिवळा बोया नांगरून ठेवलाय. पाणी किती गरम, हवा किती गरम, वारा किती, ऊन किती, हे तो टिपतो आणि त्यावरून ऑफिसातल्या मॅडम समुद्र हवेला किती उष्णता देतो याचा हिशेब मांडतात. आता माझं काम. पक्ष्यांना हा बोया फार आवडतो. ऊन मोजणाऱ्या काचेवर ते नेमके बसतात आणि नेमकं तेच करतात. ते साफ केलं नाही, तर भर उन्हाळ्यातही आकड्यांत आभाळ भरून येतं. विज्ञानाची पदवी घेऊन मी ब्रश आणि बादली यांत प्रावीण्य मिळवलं आहे.

त्यामुळे "एकदा मलाही ने, बघू दे तुझं काम," असं बाबा म्हणाले तेव्हा मी विषय बदलला. सबबी सांगून पाहिल्या. पण बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभेच होते.

होडी बोयाला लागली. पक्षी उडाले, त्यांची कामगिरी मागे राहिली. मी घासायला लागलो. बाबांकडे बघायची हिंमत होईना. गल्लीभर मिरवलेला त्यांचा मुलगा ओणवा होऊन पक्ष्यांची घाण खरवडत होता. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "कडेला राहिलंय." होडी हलत होती, म्हणून बोयाच्या खांबावरची पांढरी डबी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते उभे होते.

संध्याकाळी दुकानात काकांनी विचारलंच, "काय, बघितलंत का ताप कसा मोजतात?"

मी उगाच चपला शोधायला लागलो.

"मोजतं यंत्र," बाबा म्हणाले. "हा त्याला खोटं बोलू देत नाही."

मी भिंतीवरची घड्याळं बघत बसलो.

सकाळी मॅडमचा फोन. "काल तुम्ही तिथे होतात तेव्हा हवा एकदम तापली कशी? उष्णता हवेतून समुद्रात उलटी जाताना दिसतेय."

त्या पांढऱ्या डबीत हवेचा तापमापक असतो. तिला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला आधी बजावतो. काल माझं सगळं लक्ष लाजण्यात होतं.

"वडिलांनी धरली होती," मी म्हणालो. "तेवढे आकडे खोडून टाका."

फोन ठेवला तर बाबा मागेच. "काय झालं रे?"

कालच्या शाबासकीनंतर खोटं बोलायची सोय उरली नव्हती. म्हणालो, "बाबा, तुमच्या हाताची ऊब हवेच्या खात्यात जमा झाली."

बाबा गंभीर झाले. "खोडलेस ना ते आकडे?"

"खोडायला सांगितले."

"बरं केलंस." ते शर्टाची बटणं लावत दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "काकांना मात्र सांगू नकोस."