शेजारचे कोच

इंग्लंडमधल्या मेडनहेडला आमच्या शेजारी एक अमेरिकन कोच राहायचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्याला वाचवायला पुढे उभे राहणारे धिप्पाड खेळाडू त्यांनी घडवले होते. टीम हरली की नोकरी जायची, मग नवं शहर. माझ्याशी बोलतानाही त्यांची नजर माझ्या पावलांवर असायची. रिटायर होऊन ते बायकोच्या या गावी आले आणि वर्षभरात ती गेली.

शवपेटी खांद्यावर घ्यायला आम्ही शेजारी उभे राहिलो. त्यांनी प्रत्येकाचे पाय नीट लावून घेतले. हळूच म्हणाले, "गुडघ्यात वाका. सगळे एकदम."

नंतर चर्चबाहेर मी त्यांचा हात धरला.

"ती म्हणायची, माझ्या गावी जाऊन राहू," ते म्हणाले. "मी दरवर्षी म्हणायचो, एवढा सीझन होऊन जाऊ दे."