टाळीत न बसणारा वॉल्ट्झ

३ सप्टेंबर २०१२ रोजी एगोनने संगीतकार सिग्नेच्या खात्यात बावीस हजार पाचशे क्रोनर भरले. डेन्मार्कमधल्या विबोर्गच्या पशुखाद्य गिरणीत हिशेब लिहिण्यात त्याची हयात गेली होती. संगीत लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. तो आणि प्रेबेन इतकी वर्षं नुसते नोंदणीचे जोडीदार होते, आता नव्या कायद्याने दोन पुरुषांनाही रीतसर लग्न करता येणार होतं. नोंदणीच्या दिवशी प्रेबेनचा थोरला भाऊ वेर्नर हातही न मिळवता निघून गेला होता.

लग्नाच्या वॉल्ट्झला, म्हणजे जोडप्याच्या तीन ठोक्यांच्या नाचाला, पाहुणे टाळ्या वाजवत गोल धरतात आणि जोडप्याला पाऊल टाकायला जागा उरू नये इतके जवळ येतात. प्रेबेनने बजावलं होतं, "वेर्नर भिंतीला चिकटून राहिला, तर मी मधेच थांबणार. आधीच सांगून ठेवतो."

म्हणून एगोनची मागणी साधी होती: चार तंतुवाद्यं, आणि टाळी धरता येईल असा वॉल्ट्झ.

तालमीला तो मांडीवर बोटं आपटत बसला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन-चार. पुन्हा मोजलं. पुन्हा चार.

"सिग्नेबाई, एक ठोका जास्त झालाय."

"तो मुद्दाम आहे. तुम्ही एवढी वर्षं थांबलात ना, ते थांबणं आहे ते."

"आमचं थांबणं राहू द्या हो! लोकांनी टाळी कुठं मारायची?"

"टाळ्यांसाठी मी लिहीत नाही."

आठवडाभर एगोन घरात येरझारा घालत होता. "बुडाला मुंग्या लागल्यात का? बस की जरा!" प्रेबेन खेकसला. एगोन बसला, आणि पुन्हा मांडीवर मोजू लागला.

लग्नात व्हायचं तेच झालं. निम्म्यांची टाळी आधी, निम्म्यांची नंतर. लोक हसले, हात थांबले, गोल अर्ध्यातच अडला. प्रेबेनची पकड सैल झाली. तो भिंतीकडे बघत होता.

वेर्नर गावच्या बँडमधला जुना ढोलवाला. त्याला हे बघवेना. "अरे, एकालाही ताल धरता येत नाही?" म्हणत तो लोकांना बाजूला सारत पुढे आला, जोरात टाळ्या वाजवू लागला, आणि चौथ्या ठोक्याला स्वतःच चुकला. एकच हशा पिकला. हसणारे त्याच्यामागून पुढे सरकले, आणि वेर्नर थेट प्रेबेनच्या छातीशी येऊन टेकला.

"आलास?"

"ढकललं मला."

"बरं झालं. आता हलू नकोस."

मग नवरदेवाच्या मोज्याचं टोक कापायची रीत. कुणीतरी वेर्नरच्या हातात कात्री दिली. एगोनच्या मोज्यांचं त्याने नुसतं टोक नीट कापलं. प्रेबेनचे मोजे पार घोट्यापर्यंत.

"नवे होते रे ते!"

"देईन एक जोड. ओरडू नकोस."

तो जोड वेर्नरकडून अजून यायचा आहे.