हसली का?

चपलांच्या दुकानातली नवी मुलगी मला पाहून हसली आणि हसतच राहिली. मी उभीच होते.

एका नावाजलेल्या चपलांच्या कंपनीसाठी मी खोटं गिऱ्हाईक होऊन कंपनीच्याच दुकानांत जाते आणि तिथली माणसं कशी वागतात ते कळवते. म्हातारीवर कुणाला संशय येत नाही. मागच्या खेपेला इथे दुसरी मुलगी होती. तिने आधी मला स्टुलावर बसवलं, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आजी, ही नका घेऊ. ओल्या फरशीवर घसराल, मग सूनबाई मला शिव्या घालतील."

त्या संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "ती हसली का?"

"दिसलं नाही. पण तिने मला बसवलं, खरं सांगितलं."

"मावशी, विचारलं तेवढंच सांगा."

त्या मुलीला कामावरून काढलं. पायाशी वाकलेल्या माणसाचा चेहरा वरून दिसत नाही, नुसता भांग दिसतो. साहेबांच्या पायाशी कुणी वाकलं की त्यांना तरी काय दिसत असेल?

या नव्या मुलीचा चेहरा मात्र सगळा दिसत होता. माझे गुडघे ठणकत होते.

"अजून काय दाखवू, मॅडम?"

"स्टूल दाखव."

"ते आमच्याकडे मिळत नाही," ती हसून म्हणाली.