मुकुट काकाचा, कुऱ्हाड पुतण्याची

बातमीदाराच्या डोक्यात छापलेलं टिकत नाही. टिकतं ते संपादकानं कापलेलं. माझ्या डोक्यात तर त्याचा ढीग झालाय! त्याच्या तळाशी आहे वाशीमजवळच्या रिठद गावातलं नाटक. चाळीस सालाच्या आधीची गोष्ट. मी चार पानं भरून पाठवली आणि आमच्या संपादकांनी छापलं काय? ‘नाटक उत्तम वठले.’ तीन शब्द! वर मलाच ऐकवलं, ‘‘खेड्यातल्या लोकांना शोकांतिका काय कळणार?’’

ऐका मग, काय कळलं ते.

*

नाटक मीच लिहिलं होतं. नागपूरला कॉलेजात परक्या देशातली एक सूडकथा अभ्यासाला होती, ती डोक्यातून जात नव्हती. रिठदच्या शाळेच्या ओट्यावर मी गावकऱ्यांना गोष्ट सांगितली. सख्खा भाऊच राजाला मारून गादीवर बसतो. मेलेला राजा भूत होऊन येतो आणि मुलाला म्हणतो, सूड घे. मुलगा मात्र पाच अंक विचारच करत राहतो.

‘‘पाच अंक?’’ भाजीचा मळा करणारा महादू म्हणाला. ‘‘एवढा इचार कायले करून राह्यला थो? दोन मिनिटाचं काम हाये!’’

मागून नामदेव म्हणाला, ‘‘खरं काय झालं थे समजल्याबिगर कसा मारन?’’

ओट्यावरच्या सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. नामदेवाचे वडील तीन वर्षांपूर्वी तापानं गेले होते. त्यांना सख्ख्या भावानं, सखारामनं, वेळेवर वाशीमच्या दवाखान्यात नेलं नाही असं गाव म्हणे. सखाराम त्यावर कधी बोलला नाही. तेव्हापासून काका-पुतण्यात बोलणं बंद आणि पाणीही बंद; एकमेकांच्या घरचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

राजपुत्राचं काम नामदेवानं मागून घेतलं.

*

खुनी राजा व्हायला कोणी तयार होईना. बायको घरात घेणार नाही म्हणे!

शेवटी सखारामकाका उठला. ‘‘द्या मुकुट इकडं. गाव मले तसंई तेच म्हणते!’’

राजा पुतण्यासाठी विषाचा पेला तयार ठेवतो, असा प्रवेश होता. पेला काका दर वेळी घरून आणी, आपल्याच विहिरीच्या पाण्यानं भरून. राजपुत्रानं विष ओळखून तो भिरकावायचा. तालमीत नामदेव इतक्या जोरात भिरकावी की पेल्याला तीन पोचे पडले!

*

आमचे दिग्दर्शक गुलाबमास्तर. त्यांची लाकडी तलवार तालमीतच मोडली. ‘‘मी आणतो,’’ म्हणून नामदेव गेला आणि वडलांची कुऱ्हाड घेऊन आला. राजपुत्राच्या हातात कुऱ्हाड!

मास्तरांनी पात्यावरून बोट फिरवलं आणि पटकन मागं घेतलं. ‘‘अरे, हिले धार काहून लावली?’’

‘‘बापानं बोथट कधी ठेवली नाई.’’

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. ‘‘तुमी कॉलेज शिकले ना? शेवट बदला!’’

राजपुत्र राजाला मारतो हा शेवट मी बदलला नाही. खोटं कशाला बोलू, शेवटी काय होतं ते मलाच पाहायचं होतं.

*

नाटकाच्या दिवशी गॅसबत्तीच्या जाळ्या बैलगाडीच्या हिसक्यांनी फुटल्या. प्रयोग दुपारी तीनला लावावा लागला. रणरणत्या उन्हात भूत! महादू पांढरं धोतर डोक्यावरून घेऊन धीरगंभीर पावलं टाकत आला.

पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली, ‘‘महाद्या, वांगे आणतो म्हने ना रे?’’

भूत त्याच खर्जात म्हणालं, ‘‘उद्या आणतो, माय!’’ आणि नामदेवाकडे वळून, ‘‘सूड घे, बाळा!’’

*

कपटी प्रधान स्वतः मास्तर. त्यांना राजपुत्रानं मारायचं. नामदेवानं कुऱ्हाड उचलली मात्र, मास्तर चार पावलं लांबच धाडकन पडले!

‘‘वन्समोअर!’’ लोक ओरडले. आपल्याकडे वन्समोअर आला की द्यावाच लागतो. मास्तर उठले, हात जोडले, पुन्हा मेले. या वेळी आठ पावलं लांबून!

तिसऱ्यांदा आरोळी उठली तेव्हा प्रेतच बोललं, ‘‘आता राजाले मरू द्या ना, बापा!’’

*

आणि राजाचा प्रवेश आला.

राजा एकटा बसून पापाची कबुली देतो, मागून राजपुत्र येतो. मी चांगली अलंकारिक दीड पानं लिहिली होती. काकानं त्यातलं पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबला. मास्तर विंगेतून पुढचं वाक्य सांगायला लागले. काकानं हातानंच त्यांना गप्प केलं.

‘‘दादा तापानं फणफणला व्हता,’’ काका म्हणाला. ‘‘वयनी म्हने, गाडी जुंपा. मी म्हटलं, बैल पेरणीले लागले हायेत, दोन दिस थांबा. दोन दिस दादा माह्या तोंडाकडं पाहत व्हता. तिसऱ्या दिशी गाडी जुंपली. वाटेतच गेला.’’

नामदेव मागं उभा होता. कुऱ्हाड वर.

लोकांना वाटलं, काय काम केलं! ‘‘वन्समोअर!’’ सगळा मांडव ओरडला.

काकानं लोकांकडे पाहिलं. मुकुट काढून मांडीवर ठेवला. वन्समोअर द्यावाच लागतो. ‘‘दादा तापानं फणफणला व्हता,’’ त्यानं पुन्हा सुरुवात केली. ‘‘वयनी म्हने...’’

‘‘पुरे ना, काका.’’

तीन वर्षांतलं पहिलं बोलणं! कुऱ्हाड खाली आली होती.

विंगेतून मास्तर कुजबुजले, ‘‘मार! राजा मेल्याबिगर पडदा कसा पाडू?’’ नामदेव हलला नाही.

काकानं शेजारचा पोचे पडलेला पेला उचलला, अर्धा प्यायला आणि उरलेला मागं धरला.

नामदेवानं पेला घेतला आणि उरलेलं विष एका दमात पिऊन टाकलं.