रिकाम्या हातांनी निघालेली बाई

मोठी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या बसस्टँडवर उभी होते. "पाळीवरच पडली व माय... फिरता फिरता," एवढंच आई बोलू शकली. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आमच्याच गावची, दिघोरीची. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चालायला जायची. तिथेच तिचं हृदय थांबलं. महिना उलटला, तरी त्या 'फिरता फिरता'चं काय करावं, ते मला कळलेलं नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा दारूबंदीची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे बरोबर काय नि चूक काय, हे मला फार लवकर ठाऊक झालं होतं. डॉक्टरांनी मोठ्या आईला "शुगर काठावर आहे" असं सांगितलं, त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. रोज चाला, गोड सोडा, ताटातला भात अर्धा करा, आजार टळतो. ती हसली. "अख्खी जिनगानी रोवन्यात वाकली मी, अन् तू मले व्यायाम शिकवतं?" पण सुना भाताच्या रोवणीला जाऊ लागल्यापासून ती दिवसभर ओसरीत बसून असायची. ते तिलाही कळत होतं.

अडचण चालण्याची नव्हती, रिकाम्या हातांची होती. आमच्याकडे बाई सकाळी निघाली की डोक्यावर टोपली किंवा हातात विळा असतो. मोकळ्या हातांनी भरभर चालणारं माणूस मयतीचा निरोप घेऊन निघालेलं असतं. पहिल्याच दिवशी तिला विहिरीवरच्या बायांनी अडवलं.

"काहो बाई, कोन गेलं जी?"

"कोनी नाही गेलं. मी जाऊ नोय म्हनून चालून राहिली."

ते गावभर झालं. पानठेल्यावरची पोरं म्हणायची, मोठी बाई पोलीस भरतीले जाऊन राहिली. तिनं कुणाचं ऐकलं नाही. उलट माझ्या आईलाही सोबत घेतलं. आईची शुगर तर काठ ओलांडून गेली होती. दोघी जावा पाळीवर निघायच्या, आई पाण्याच्या बाजूनं, मोठी आई धानाच्या बांधीकडून; घरी येऊन बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करत प्यायच्या. पुढच्या तपासणीत दोघींचीही शुगर उतरली. मला वाटलं, हे असंच असतं. खरं ते खरं.

आणि मग ही बातमी... तेरवीच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "चालून चालूनच मेली. घरी बसली असती तं जगली असती." माझं डोकं फिरलं. बसल्या जागी इतकी माणसं मरतात, तेव्हा कुणी खाटेला दोष देत नाही, असं मी भर पंगतीत सुनावलं. आई शांतपणे म्हणाली, "तुह्या कागदात टळते लिवलं होतं. मंग काय टळलं?"

डॉक्टर म्हणतात, मोठी आई चालली नसती तर कदाचित आधीच गेली असती. कदाचित. हा शब्द कुठल्याच पत्रकात नसतो. तो आईला कसा सांगायचा? तिनं चालणं सोडलं, चहात साखर घातली, शुगर पुन्हा चढली. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती ऐकेना.

परवा सकाळी मी चपला घालून अंगणात उभी राहिले. बऱ्याच वेळानं आई बाहेर आली.

"चाल. पन काहून चालाचं, ते सांगू नोको मले."

पाळ दोन माणसांपुरतीच रुंद आहे. आई पाण्याच्या बाजूनं चालू लागली. मी बांधीकडून तिच्या शेजारी जायला निघाले, तर तिनं हात आडवा केला.

"इथं नोको. मांगून ये."

मी मागून चालत राहिले. अधूनमधून आई पावलं हळू करायची... शेजारच्या माणसाला गाठू द्यावं तशी.