माझं वाक्य ग्लासगोला गेलं

"सर, मना तिथं जायाचंच हाय."

माझ्या तोंडून हे निसटलं आणि विभागप्रमुखांनी चष्मा काढला.

"मना?" ते म्हणाले. "मग जाणार कशी? मनाच आहे ना!"

मुलाखत घेणारे तिघेही हसले. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर पुढचा उमेदवार बसला होता, माझ्याच वर्गातला सलील. तोही हसला.

आमच्या मुर्धा गावात 'मला' म्हणत नाहीत, 'मना' म्हणतात. पुस्तकी मराठीत मना म्हणजे बंदी. कोटी बरी होती, हे मी मान्य करते. वाईट इतकंच, की कोटी संपली तशी माझी मुलाखतही संपली.

भाईंदरच्या त्या कॉलेजात मी मराठीत एम.ए. करत होते. ग्लासगोच्या एका विद्यापीठाशी कॉलेजचा करार होता. दर वर्षी एकाने एक सत्र तिथं पाहुणा विद्यार्थी म्हणून जायचं. त्या खोलीत मी आधी बराच वेळ शुद्ध बोलले होते. मिठागरात राबणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर माझं काम चाललं होतं, ते सांगितलं. इंग्रजीतही सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "खरंच जायचंय का तुला?" खरं सांगायची वेळ आली की माणूस घरच्या भाषेत बोलतो. मी बोलले.

सलील गेला.

सलील वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरचा मुलगा, मीरा रोडला मोठं घर, आवाज मऊ. जाताना मला म्हणाला, "तुला मेल करत जाईन हं." आणि खरंच करायचा. पेणकरपाड्याच्या सायबर कॅफेत बसून मी त्याचे मेल वाचायचे. फोटो वरून खाली इंचाइंचाने उघडायचे. आधी राखाडी आकाश, मग दगडी मनोरा, मग हिरवळ, शेवटी सलील. दर वेळी मनोऱ्यापर्यंत पोचले की वाटायचं, खाली मीच असेन.

इथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, तो लिहायचा. सर वर्गात आले तर कुणी उठून उभं राहत नाही. ग्रंथालयात पुस्तक मागायची खिडकीच नाही. आपण आत जायचं, फळीसमोर उभं राहायचं, हवं ते पुस्तक काढायचं, नको असेल तर परत ठेवायचं.

आमच्या ग्रंथालयात खिडकीतून चिठ्ठी आत द्यायची. शिपाई म्हणायचा, "नाही." कधी त्याच्या मागच्या कपाटात ते पुस्तक मला दिसत असायचं. "ते काय," मी म्हणायचे. "ते बाइंडिंगला जाणारे." सलीलला वाचनाची एवढी आवड नव्हती, हे त्यानेच मला कितीदा सांगितलं होतं. आणि त्याला फळीसमोर उभं केलं होतं. सात मजले भरून पुस्तकं.

बर्फाचा हेवा वाटला नाही. मनोऱ्याचा थोडा वाटला. फळीचा मात्र असा वाटला की घरी येऊन आईने वाढलेलं ताट मी सरकवलं.

सत्र संपलं, सलील परतला, कॉलेजने सत्कार ठेवला. 'परदेशी विद्यापीठातील अनुभव' असा फलक. शाल, श्रीफळ, हार, फोटो काढायला डिजिटल कॅमेरा. आमच्या गल्लीतला दादा बोटीवर काम करतो, वर्ष वर्ष समुद्रावर असतो. त्याला कुणी नारळ दिलेला मी पाहिला नाही. उलट तो येताना सगळ्यांसाठी साबण आणतो.

मी मागे बसणार होते. सरांनी पुढे बोलावलं. "पुढच्या वर्षीसाठी तुझाच विचार चाललाय. दिसायला पाहिजेस."

सलील छान बोलला. तिथले भाषाशास्त्राचे प्राध्यापक म्हणे अस्सल ग्लासगोच्या बोलीत शिकवतात. पहिले काही दिवस याला एक शब्द कळला नाही. "पण कुणी हसत नाही," सलील म्हणाला. "किती अभिमान आहे त्यांना!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या.

मग तो म्हणाला, "मलाही वर्गात आपल्याकडच्या एका बोलीचं उदाहरण द्यायचं होतं. मी फळ्यावर वाक्य लिहिलं. मना तिथं जायाचंच हाय."

मी हलले नाही.

"एक स्थानिक मुलगी असं बोलली होती, असं मी सांगितलं. त्यांनी त्या 'मना'वर अख्खा तास घेतला. प्राध्यापक म्हणाले, सुंदर!"

मी गेले नाही. माझं वाक्य गेलं. त्याला विमान मिळालं, फळा मिळाला, अख्खा तास मिळाला. मला 'एक स्थानिक मुलगी' एवढं मिळालं. स्वतःच्याच वाक्याचा हेवा करायची पाळी माझ्याइतकी कुणावर आली असेल, मला माहीत नाही.

सर उत्साहाने उठले. "अरे, मूळ वक्ता तर इथेच आहे! ये गं, वर ये. तेच वाक्य म्हण. फोटो तिकडे पाठवू."

शेजारी हेतल होती, माझी मैत्रीण. तिने कोपर मारलं. "जा ना यार, फोटो निकलेगा."

मी वर गेले. सरांनी माइक हातात दिला. सर लहान मुलाला शिकवतात तसं हळूच म्हणाले, "मना... मना तिथं..."

"न्हाय," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. कडाडून. कुणी तरी मागून ओरडलं, "वाह! एकदम ओरिजनल!" सलील हसून मान डोलवत होता. कॅमेरा चमकला.

त्यांना वाटलं, हाच नमुना.

टाळ्या थांबेपर्यंत मी उभी राहिले. मग त्यांच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "हे उदाहरण नव्हतं. हे उत्तर होतं. त्या दिवशी मी जागा मागायला आले होते, बोलीचा नमुना द्यायला नाही. तुम्ही हसलात. तेच वाक्य यांनी नेलं तर टाळ्या."

"अगं, गंमत होती ती," सर म्हणाले. मग आवाज उतरवून, माइकपासून दूर, "पुढच्या वर्षीचं लक्षात ठेव."

"लक्षात आहे," मी म्हणाले आणि उतरले.

जिन्यात सलीलने गाठलं. खरोखर दुखावला होता. "मी तर तुझ्या भाषेचं कौतुकच केलं ना? भाषा काय कुणाच्या मालकीची असते?"

"नसते," मी म्हणाले. "विमानातली खुर्ची असते."

त्याने वाईट वाटून घेतलं. तेही त्याला छान जमत होतं.

घरी आईला सांगितलं. ती कालवं फोडत बसली होती. तिने मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "टाल्या वाजवल्या ना? मंग उतरलीस कशाला गो? आता तुना कोन पाठवील?"

प्रश्न बरोबर होता. पुढच्या वर्षी यादीत माझं नाव नव्हतं.

हेवा वाईट, असं मला शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांना हेवा वाटावा असं काही कुणी त्यांच्यापासून काढून घेतलं नव्हतं. मी माझा हेवा सोडणार नाही. तो निवला तर मी लोकांचे फोटो बघत म्हातारी होईन आणि मला समाधानी म्हणतील. आईला मी तेव्हाच सांगितलं, पाठवणारा कुणी नको. मी अर्ज करीन, इथून नाही तर दुसरीकडून, नाकारतील तितक्या वेळा. आणि तिथल्या वर्गात ज्या दिवशी बसेन त्या दिवशी माझ्याबद्दल कुणी काही सांगायच्या आत मी हात वर करीन, नाव सांगीन आणि पहिला प्रश्न मी विचारीन.