मावशीच्या वाटणीचा समुद्र

वकील लोकांशी माझं कधी जमलं नाही, आणि त्याला कारण आहे. एका वकिलाने माझ्या मावशीला समुद्र वाटून दिला.

आमचं गाव थळच्या अंगाला, किनाऱ्यावर. मावशीचे यजमान वारले तेव्हा मी लग्न होऊन तिच्या शेजारच्याच घरात आले होते. मावशीला मूलबाळ नव्हतं. जाताना काकांनी चार पंचांसमोर सांगितलं होतं की घराच्या वाटण्या झाल्याच आहेत, राहिलं खळं. ते निम्मं बायकोला, निम्मं धाकट्या भावाला. खळं म्हणजे घरापुढची, समुद्रापर्यंतची मासळी सुकवायची जागा. मावशीचं पोट बोंबील सुकवण्यावर. खळं गेलं असतं तर तिला माहेरी भावाच्या दारात जाऊन पडावं लागलं असतं, आणि ती भावजय काय चीज होती ते मी पाहिलेलं आहे.

कागद पक्का करू म्हणून पंचांनी अलिबागेहून वकील आणला. मूळचा घाटावरचा. काळा कोट, आरशासारखे बूट. आता पाहुण्याचे बूट भिजायला नकोत म्हणून आमच्याच शहाण्यांनी त्याला पुऱ्या ओहोटीची वेळ बघून बोलावलं. समुद्र कुठच्या कुठे गेलेला. वकिलाने नाकाला रुमाल लावला, ओट्यावरूनच छत्री पुढे केली आणि कारकुनाला हुकूम सोडला की पाण्यापर्यंत मोजणीची साखळी टाक. त्या बाबाने टाकली. मग बरोबर मध्यावर वाटणी: घराकडची बाजू दिराला, पाण्याकडची मावशीला. पंच आपले माना डोलवत उभे. ओल्या रेतीला कुणी जमीन समजेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही; ते कोरड्या खळ्याचाच मध्य धरून चालले होते. चहा झाला, राजाचं मुंडकं छापलेल्या स्टॅम्पकागदावर अंगठे उमटले आणि वकीलसाहेब सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन गाडीत बसले. तेव्हा मात्र वास आला नाही.

पुढे दिराने कागदाबरहुकूम मोजणी केली. कोरडं खळं सगळंच्या सगळं त्याच्याकडे गेलं. मावशीच्या वाट्याला आलं शेवाळ, चिखल आणि खेकडे. दीर तसा वाईट नव्हता, पण फुकट आलेलं त्याला सोडवेना. कागद सांगतो ते खरं, एवढंच त्याचं पालुपद. वर मावशीला सल्ला की भावाकडे जा, सुखात राहशील. एके सकाळी त्याने बोंबील टांगायच्या तिच्या काठ्या उपटून तिच्या दाराशी रचून ठेवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी नुसती त्या काठ्यांकडे बघत राहिली.

मी तिला घेऊन अलिबाग गाठलं. वकिलाला म्हटलं, तुम्ही दिलेली जमीन भरतीला पाण्याखाली जाते. त्याने कागद काढला, चष्मा पुसला आणि विचारलं, दिवसातून किती वेळा? दोनदा, मावशी म्हणाली. मग एरवी मोकळीच असते ना, असं म्हणून त्याने समजूत काढली. चूक म्हणून कबूल करायचा नाही. दस्त नोंदला गेला, आता त्यात काडीचा फरक होणार नाही, म्हणाला. मी भांडायला पदर खोचला तेवढ्यात मावशीने त्याला शांतपणे विचारलं,

"म्हणजे ती जागा माझीच? दुसऱ्या कुनाची न्हाय?"

"तुमचीच. तुमच्या परवानगीशिवाय तिथं कुणी पाऊल ठेवायचं नाही."

परत येताना वाटभर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर होड्या आल्या. दिराची होडी खळ्यासमोर वळली, तर मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी. ह्या पाण्याखाली माझी जमीन आहे, म्हणे, होडी लावायची नाही, वकिलाला विचारून ये. दीर आधी हसला. मग चिडला. मग शेजाऱ्यांच्या खळ्यापुढे होडी लावू म्हणाला, तर शेजारी हात जोडून म्हणाले, आम्हाला कोर्टाची भीती वाटते बाबा. मेले मजा बघत होते. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू. इतर होड्यांची मासळी विकली गेली, ऊन चढलं, दिराच्या टोपल्यांवर माश्या जमल्या. त्याची बायको किनाऱ्यावरून त्यालाच शिव्या घालायला लागली.

शेवटी तो होडीतून ओरडला की खळं उभं चिरू, दोघांना कोरडं-ओलं सारखं. सगळ्या गावाने ऐकलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण मावशी जागची हलेना.

"आता काय पायजे?" दीर रडकुंडीला आला होता.

"विचार मला. उतरू का म्हनून विचार."

काका गेल्यापासून तिच्या घराचं, खळ्याचं, तिने कुठे राहायचं याचं सगळं ठरवलं गेलं होतं, आणि तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

दिराने मान खाली घातली. "वयनी, उतरू का?"

तेव्हा कुठे मावशी रडली. काका गेले तेव्हाही रडली नव्हती इतकी, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून, आणि रडता रडताच तिने होडीचा दोर धरला.

"उतर," म्हणाली.